पप्पांचा शर्ट आणि आईची मापाची वही

  सुरुवातीला जो खटखट आवाज ऐकलात ना, तो कुठला साऊंड इफेक्ट नाही. ते आमच्या आईचं शिलाई मशीन आहे, पायडलवालं. आणि ते आई नाही, मी चालवत होतो.

आता तुम्ही म्हणाल, भावा, तू कोडिंगवाला माणूस, बीटेक झालेला. दर वेळी मोबाईल, अ‍ॅप, नोकरी यावर बोलतोस. आज शिवणकाम? तर होय, आज शिवणकामच. घरी, स्वतःच्या हातानं, कुणी ऑर्डर दिलेली नसताना कपडे शिवणाऱ्या माणसांबद्दल बोलायचंय. गेल्या दीड वर्षात मी त्यातला एक झालोय. का झालो, तिथनं सुरू करतो.

दोन वर्षांपूर्वी पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. वेळेत दवाखान्यात पोचलो, त्यामुळं बोलणं परत आलं, हळूहळू चालणंही आलं. हात मात्र म्हणावा तसा आला नाही. पप्पा शिरोली एमआयडीसीत लेथवर काम करायचे. एका सुताचा फरक नुसत्या डोळ्यानं ओळखणारा माणूस. आणि आता त्यांना शर्टाचं बटण लागेना.

डाव्या हातानं बटण लावून बघा एकदा. पॉडकास्ट पॉज करा आणि खरंच करून बघा. पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या हाताच्या हिशोबानं असतात. डाव्या एका हातानं काज पकडायचं, बटण तिरकं करायचं आणि ढकलायचं. सहा-सात बटणांना घाम फुटतो.

मग रोज सकाळी आई त्यांची बटणं लावायची. टी-शर्ट घाला म्हटलं, तर तो डोक्यावरनं घालायला हात वर जायला पाहिजे, आणि तिथंच खांदा दुखायचा. पुढचं बटण उघडंच असलेला सदरा घालून ते दारात बसायचे, पण रंकाळ्याच्या कट्ट्यावर जायचं त्यांनी सोडून दिलं. "लहान पोरासारखं कपडे घालून घ्यायचे आणि मित्रांत जाऊन बसायचं होय?" असं एकदाच म्हणाले. परत तो विषय काढला नाही.

मी काय केलं? इंजिनिअर जे करतो ते. ऑनलाइन शोधलं. अशा लोकांसाठी कपडे मिळतात, नाही असं नाही. पण एक तर महाग, आणि दुसरं म्हणजे ते दवाखान्यातल्या गाऊनसारखे दिसतात. पप्पांना पाहिजे होता शर्ट. कॉलरचा, खिशाचा, हाफ बाह्यांचा, चौकड्यांचा. जसा आयुष्यभर घातला तसा.

मग एका टेलरकडं गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "साहेब, असला एकच पीस करायला परवडत नाही. चार वेळा उसवावं लागणार." राग आला होता तेव्हा. आज येत नाही, कारण ते उसवणं किती वेळा लागतं हे आता मला माहितीय.

घरी आलो. आईचं मशीन खिडकीपाशी उभं होतं, वर फुलाफुलाचं कव्हर आणि त्यावर वर्तमानपत्रांची थप्पी. तीन-चार वर्षं कुणी हात लावला नव्हता. आईचे डोळे कमी झाले होते, सुईत दोरा ओवता येईना. मी कव्हर काढलं तर आतनं विचारलं, "काय करालायस रे?"

"शिवायला बसतोय."

"काय शिवणार? तोंड?"

तर मंडळी, अशी सुरुवात झाली.

पहिले आठ दिवस तिनं मला कापडाला हात लावू दिला नाही. वहीचा रेघी कागद घेतला, सुईतनं दोरा काढला आणि म्हणाली, या रेघेवरनं मशीन चालव. कागदाला भोकं पडतात, त्यामुळं तुम्ही रेघेवर आहात की नाही हे लगेच दिसतं. पायडल उलटं पडलं की चाक उलटं फिरतं, दोरा तुटतो. उजव्या हातानं चाकाला पुढं ढकलून पायानं लय धरायची. मला वाटलं होतं मशीन चालवणं म्हणजे हाताचं काम. ते आधी पायाचं काम आहे.

आणि मशीन आतनं बघितलं तेव्हा तर मी थक्क झालो. हातानं शिवताना सुईचं भोक वरच्या टोकाला असतं आणि अख्खी सुई कापडातनं आरपार जाते. मशिनच्या सुईचं भोक टोकाशी असतं. ती पूर्ण आरपार जातच नाही. फक्त खाली जाऊन दोऱ्याचा एक फास सोडते आणि वर येते. त्या फासातनं खालच्या बॉबिनचा दोरा जातो आणि दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. बस्स! १८४६ साली अमेरिकेत एलियस होवेनं या कल्पनेचं पेटंट घेतलं, १८५१ मध्ये आयझॅक सिंगरनं स्वतःचं मशीन आणलं, आणि आजही तुमच्या गल्लीतलं मशीन त्याच पद्धतीनं टाका घालतं. पावणेदोनशे वर्षं टिकलेलं डिझाईन! आमच्या क्षेत्रात दोन वर्षं जुनं सॉफ्टवेअर म्हातारं झालं म्हणतात.

अजून दोन गोष्टी यातल्याच. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए नावाच्या शिंप्यानं होवेच्याही आधी, १८३० साली, शिवण्याच्या मशिनचं पेटंट घेतलं होतं. पॅरिसमध्ये त्याच्या कारखान्यात सैनिकांचे गणवेश शिवले जायचे. तिथल्या शिंप्यांनी घुसून मशिनी फोडून टाकल्या, कारण आपली भाकरी जाणार ही भीती. एआयमुळं आमच्या ऑफिसात सध्या जे वातावरण आहे, ते बघता मला त्या शिंप्यांचं फार नवल वाटत नाही.

दुसरी गोष्ट हप्त्यांची. सिंगर कंपनीनं १८५० च्या दशकातच मशिनी हप्त्यावर द्यायला सुरुवात केली, म्हणजे आपल्या ईएमआयचं खापरपणजोबाच. घरात बसलेल्या बाईला रोख पैसे देऊन मशीन घेणं शक्य नव्हतं, हप्त्यानं शक्य झालं. गांधीजी यंत्रांच्या किती विरोधात होते ते आपण शाळेत शिकलो, पण १९२४ साली त्यांनी सिंगरच्या मशिनला त्यातनं चक्क सूट दिली होती. माणसाचे कष्ट वाचवणारं आणि माणसाला हाकलून न लावणारं यंत्र, हा त्यांचा मुद्दा. आमच्या आईनं पण तिचं मशीन हप्त्यावरच घेतलं. मी तेव्हा बालवाडीत होतो.

आता कपड्याकडं येऊ. मशीन जमायला लागल्यावर आईला विचारलं, शर्ट कापायचा कसा, पुस्तक आहे का? ती हसली. म्हणाली, पप्पांचा जुना शर्ट घे आणि उसव.

परदेशात घरी शिवणारे लोक तयार कागदी पॅटर्न विकत घेतात. एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्यानं १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले, तेव्हापासनं तिकडं ती पद्धतच पडली. आपल्याकडं ती फारशी रुजली नाही. आपल्याकडं काय चालतं? 'मापाचा ब्लाऊज.' नवीन ब्लाऊज शिवायला टाकताना बायका जुना, बरोबर बसणारा ब्लाऊज सोबत देतात. हे मला लहानपणी गावठी वाटायचं. आता कळतंय, हे सरळसरळ रिव्हर्स इंजिनिअरिंग आहे. बरोबर चालणारी वस्तू घ्या, उलगडा, मोजा, परत बनवा.

मी पप्पांचा निळा शर्ट उसवला. ब्लेडनं एकेक टाका. दोन संध्याकाळी गेल्या. हाफ बाह्यांच्या एका साध्या शर्टाचे किती तुकडे निघाले सांगा? बारा. पुढचे दोन भाग, पाठ एक, खांद्याची पट्टी दुहेरी म्हणून दोन, बाह्या दोन, कॉलरचे दोन, कॉलरच्या खालच्या पट्टीचे दोन आणि खिसा. शिवाय कॉलर ताठ राहावी म्हणून आतलं बक्रम वेगळं. अठ्ठावीस वर्षं शर्ट घालतोय, आत काय आहे हे कधी बघितलं नव्हतं.

कापड आणलं गांधीनगरातनं. कोल्हापूरच्या लोकांना सांगायला नको, लग्नाचा बस्ता असो नाहीतर दिवाळी, कापड म्हटलं की आपल्याकडं गांधीनगर. आपला अख्खा भागच कापडाचा आहे. शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात सूतगिरणी काढली. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढं ते गाव महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं. पण मला पन्हा म्हणजे काय हे माहीत नव्हतं! दुकानदारानं विचारलं, "किती पन्ह्याचं देऊ?" मी गप्प. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. छत्तीस इंची पन्हा असला तर कापड जास्त मीटर लागतं, अठ्ठावन्न इंची असला तर कमी. मागनं आईनं फोनवर सांगितलं म्हणून वाचलो.

आणि चुका? चला, कबूल करतो.

चूक एक. सुती कापड आधी पाण्यातनं काढलं नाही. तसंच कापलं. पहिल्या धुण्यात शर्ट आटला.

चूक दोन. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. बाहीचा पुढचा गोलवा आणि मागचा गोलवा वेगळा असतो. कापड दुमडून, उलट-सुलट बघून कापायचं असतं. मी एक कापली आणि तीच वर ठेवून दुसरी कापली. आई इतकी हसली की पप्पा आतनं उठून बघायला आले.

चूक तीन सगळ्यात महत्त्वाची. मला बटणांच्या जागी वेल्क्रो लावायचं होतं. म्हणजे वरनं खरी बटणं शिवलेली, शर्ट दिसायला अगदी नेहमीसारखा, पण आतनं वेल्क्रोच्या छोट्या पट्ट्या. एका हातानं दाबलं की बंद. मी खरखरीत बाजू आतल्या अंगाला लावली. दुपारपर्यंत पप्पांच्या छातीवर लाल चट्टे. मऊ बाजू अंगाकडं आणि खरखरीत बाजू वरच्या पट्टीत, तीही काठापासनं जरा आत, हे त्यानंतर शिकलो. वेल्क्रो बंद करूनच शर्ट धुवायचा, नाहीतर दुसरे कपडे त्याला अडकून खराब होतात, हेही.

पण एक गोष्ट आम्हाला कुठल्याच व्हिडिओत सापडली नाही. ती पप्पांनी सांगितली. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी त्यांना शिकवलं होतं की कपडे घालताना अधू हात आधी घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. पप्पा म्हणाले, मग दोन्ही बाह्या सारख्या कशाला पाहिजेत? उजवीकडची मुंढ्याची गोलाई थोडी मोठी काप, हात न वाकवता जाईल. मी म्हटलं, बेढब दिसेल. ते म्हणाले, एक इंच वाढव, बाहेरच्याला कळणार नाही. स्वतः डाव्या हातात टेप धरून त्यांनी खडूची खूण बघितली आणि म्हणाले, "दोन सूत आत घे." लेथवरचा माणूस परत आला होता. त्या दिवसापासनं आमच्या घरात मी कापतो-शिवतो, आई चुका काढते आणि पप्पा क्वालिटी कंट्रोल.

चौथा शर्ट बरोबर बसला. म्हणजे पहिले तीन वाया. कापडाचा खर्च धरला, तर तेवढ्यात तीन चांगले तयार शर्ट आले असते. हे मुद्दाम सांगतोय, कारण घरी शिवणं स्वस्त पडतं असा समज आहे. एके काळी पडायचं. आज बऱ्याचदा पडत नाही. मग लोक का शिवतात?

माझं उत्तर असं आहे. दुकानातला कपडा एका सरासरी माणसासाठी बनतो. एस, एम, एल, एक्सएल. आणि ती सरासरी तरी आपली आहे का? आपल्या देशाला स्वतःचा असा मापांचा तक्ताच नव्हता. बरीच मापं अमेरिका-युरोपच्या तक्त्यांवरनं घेतलेली. म्हणून तर निफ्टनं 'इंडिया साइझ' नावाचा प्रकल्प हाती घेतला, मुंबईसह सहा शहरांतल्या पंचवीस हजारांवर लोकांची थ्रीडी स्कॅनरनं मापं घ्यायची म्हणून. चांगलंच आहे ते. पण तक्ता कितीही भारी झाला, तरी त्यात 'उजवा हात वर जात नाही' असा रकाना येणार नाही. पाठीला पोक आलेली आजी, एक खांदा उतरता असलेला मुलगा, बाळंतपणानंतरची बहीण, बुटकी, उंच, फार बारीक, फार जाड माणसं. या सगळ्यांना दुकानातल्या आरशासमोर वाटतं की आपल्यातच काहीतरी चुकलंय. चुकलेला असतो कपडा.

घरी शिवणारा माणूस उलटीकडनं सुरू करतो. त्याच्यासमोर आधी एक माणूस असतो, नाव-गाव असलेला. कपडा नंतर.

आणि हे काही नवीन नाही. आपल्याकडं बाळ जन्मलं की पहिली झबली-टोपडी आजीच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या साडीची शिवायची पद्धत होतीच. बारशाला खणाची कुंची. जुन्या लुगड्यांचे थर घालून, हातानं धावदोरा घालत शिवलेली वाकळ. थंडीत तिच्यासारखी ऊब दुसऱ्या कशाला नाही. यातलं काही विकायला नव्हतं. सगळं कुणासाठी तरी होतं.

आता मला खरं टोचलेलं सांगतो. चौथ्या शर्टाचा फोटो मी मित्रांच्या ग्रुपवर टाकला. काय प्रतिसाद! "नाद खुळा!" "भावा टॅलेंट!" "स्टार्टअप काढ!" ऑफिसातल्या मॅनेजरनं मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवला. मी फुगून आईला ते मेसेज वाचून दाखवले. तिनं ऐकलं, "बरं झालं" म्हणाली, आणि कपाटातनं एक वही काढून माझ्यासमोर ठेवली.

दोनशे पानी वही. पुढच्या बाजूनं दुधाचा, वाण्याचा हिशोब. मागच्या बाजूनं मापं. माझी, ताईची, पप्पांची. माझं पहिलं माप बालवाडीतलं. छाती, उंची, बाही, कंबर, आणि बाजूला 'वाढतं ठेव' अशी खूण. दर जूनमध्ये शाळेच्या गणवेशाचं नवीन माप. पाचवीत एकदम चार बोटं उंची वाढलेली. आठवीत एका पानावर लिहिलंय, 'खांदे पप्पांसारखे.' आम्ही कोडमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो, त्याला मोठमोठी नावं देतो. माझ्या अंगाची अशी नोंद कुणीतरी वीस वर्षांपूर्वी ठेवत होतं आणि मला पत्ताच नव्हता.

तिनं माझे दहावीपर्यंतचे गणवेश शिवले. ताईचे परकर-पोलके शिवले. उरलेल्या कापडाच्या पिशव्या केल्या. शेजारच्या काकूंच्या साड्यांना फॉल-पिको करून मशिनचे हप्ते फेडले. आणि आम्ही काय म्हणालो? 'आई काटकसरी आहे.' मी तर सहावीत रडलो होतो, मला दुकानातला गणवेश पाहिजे म्हणून. तेच काम मी दीड वर्ष केलं तर पॅशन, टॅलेंट, स्टार्टअप. तिनं वीस वर्षं केलं तर काटकसर.

मी विचारलं, "आई, तुला आवडायचं का शिवायला? की करावं लागायचं?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पैसे वाचवायला शिवायचो मी. पण गळ्याला पायपीन लावायची काय गरज होती? ते आवडायचं म्हणून."

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी सांगतो, आमच्याकडं बायका पण 'मी शिवायचो' असंच म्हणतात.

मला वाटतं सगळं त्या पायपीनमध्ये आहे. गरज शर्टापर्यंत नेते. त्यापुढचा प्रत्येक टाका आवडीचा असतो. ज्यांच्याकडं गरज होती, त्यांना आवड नव्हती असं आपण परस्पर ठरवून टाकतो.

पप्पांचं काय झालं म्हणाल तर, परवा सकाळी ते चौकड्यांचा शर्ट घालून, एकटे, काठी घेऊन कट्ट्यावर गेले. तासाभरानं आले. मी विचारलं, मित्रांनी शर्टाचं काही विचारलं का? म्हणाले, "कुणाच्या ध्यानात पण आलं नाही." दीड वर्षात माझ्या कामाला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

ज्यांना सुरुवात करायचीय त्यांच्यासाठी पटकन चार गोष्टी. नवीन मशीन लगेच घेऊ नका, नातेवाइकांत विचारा, कुणाकडं तरी झाकून ठेवलेलं असतंच. पुसा, तेल घाला, सुई बदला. जाड कापडाला सोळा नंबरची सुई, साध्या सुतीला चौदा. आधी कागदावर, मग उशीची खोळ, मग पिशवी, मग बाळाचं झबलं. ब्लाऊज आणि कॉलर सगळ्यात शेवटी. आणि उसवायला लाजू नका. उसवणं म्हणजे हरणं नाही, डीबगिंग आहे.

आणि शेवटचं एक काम देतो. आज घरी गेल्यावर आईला, आजीला, मावशीला विचारा, तू कधी काय शिवलं होतंस? नुसतं 'काय' विचारू नका, 'आवडायचं का' हेही विचारा. उत्तर काय आलं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवूया. आमच्या आईची आता मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीय. मशिनसाठी रांग लागते घरात. हा भाग रेकॉर्ड करतानाच दोनदा विचारून गेली, झालं का तुझं, मला बसायचंय म्हणून.

तर उठतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, ऐकत राहा!